अर्ध्याला आडवी

मला लोअर सेकंडरी पास केलं ते लष्कर मोहल्ल्यात विड्याची पानं विकणाऱ्या अक्कांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या हकीकतीत हेडमास्तर येतात, हेडक्लार्क येतात, दवाखान्याचे मोठे साहेब येतात, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की श्रेय त्यांच्यापैकी कुणाचं तरी असेल. त्यांच्यापैकी कुणी माझं वाईट केलं नाही. पण माझी चूक ज्यांच्या नजरेला पडली त्या अक्कांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. लिहिण्यातली त्यांना एकच खूण ठाऊक होती, ती म्हणजे चुन्याच्या बोटाने फळीवर ओढलेली रेघ.

माझं गाव सातारच्या बाजूला. घरात नालबंदीचं काम. मराठी चौथी झाली आणि वडिलांनी मला शाळेतून काढलं. थोरला भाऊ ऐरणीवर बसायला लागला होता आणि भाता ओढायला कुणीतरी हवं होतं. मला तेव्हा वाईट वाटल्याचं आठवत नाही. दहा वर्षांच्या पोराला शाळा सुटली म्हणजे सुटीच लागली. वाईट वाटायला पुढे बारा वर्षं लागली.

सतराव्या वर्षी घोड्यांच्या एका सौदागराबरोबर मी म्हैसूरला आलो. त्याची घोडी इथल्या पागांत खपली, तो परत गेला, मी राहिलो. वाटेत एका घोडीचा चिरलेला खूर मी बरा केला होता, तो घोड्यांच्या सरकारी दवाखान्यातल्या एकाच्या पाहण्यात आला, आणि त्याने मला ठेवून घेतलं. आधी लीद काढली. मग घोडी धरायला लागलो. सकाळी बरी झालेली घोडी हुणसूरच्या रस्त्याने हिनकलपर्यंत फिरवून आणायची, तेही केलं. तीन वर्षांनी औषधांच्या खोलीत घेतलं. भुकट्या खलायच्या, मलमं घोटायची, अर्क मोजून बाटल्यांत भरायचे. औंस म्हणजे काय आणि ड्राम म्हणजे काय हे मी हाताने शिकलो. खोलीची किल्ली माझ्या करगोट्याला असायची आणि झोपेत कूस बदलली की टोचायची. मला ते टोचणं आवडायचं.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून एक कागद आला. विषारी औषधांच्या कपाटाला यापुढे ज्याने हात लावायचा त्याच्याकडे लोअर सेकंडरीचं सर्टिफिकेट पाहिजे. वाचन, उक्तलेखन आणि गणित, तिन्हींत पास. ज्याच्याकडे नसेल त्याने दोन परीक्षांच्या आत मिळवावं, नाहीतर पागेत मोतद्दार म्हणून परत जावं. कागदात गैर काही नव्हतं. एका खोलीत दोन बाटल्या सारख्या दिसतात आणि त्यातल्या एकीने घोडा मरतो, तेव्हा चिठ्ठी वाचता येणारा माणूस हवाच. मी बाटल्या त्यांच्या जागेवरून आणि वासावरून ओळखत होतो. कुणी मुद्दाम हलवल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मी त्याआधी केलाच नव्हता. नंतर मात्र दर रात्री करायला लागलो.

हेडक्लार्कांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“शिकलायस किती?”

“मराठी चौथी, स्वामी.”

“कुठली मराठी?”

“सातारची.”

ते कानडी बोलत होते, मी माझ्या पागेतल्या कानडीत उत्तरं देत होतो. बाजूच्या कारकुनाकडे वळून ते म्हणाले, “ऐकलं का? सातारची चौथी! आता पेपर तपासायला माणूस सातारहून मागवायचा.” मग माझ्याकडे वळले. “कानडीत बस. उर्दू येत असेल तर उर्दूत बस. तुझ्या मराठीला इथे परीक्षक नाही.”

“गणित तरी, स्वामी?”

“गणिताला भाषा नसते रे. इंग्रजी आकडे लिही, झालं.”

ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. इंग्रजी आकडे दोन दुपारींत आले. कानडी अक्षरांना वर्ष लागलं, पण तीही आली. गणिताची काळजी मी केलीच नाही. गावातल्या पंतोजींनी आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं म्हणवून घेतलं होतं, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. शाळा सुटली, बाकी बरंच विसरलं, पण हे गेलं नाही. भाता ओढताना मी त्याच तालावर ओढायचो.

पहिल्या परीक्षेला माझ्या बाकावर तेरा वर्षांचा पोरगा होता. माझ्या मिशांकडे बघून तो उठून उभाच राहिला. त्याला वाटलं मी देखरेखीला आलोय. बस म्हटल्यावर बसला, आणि मधल्या सुटीपर्यंत सगळी खोली मला मामा म्हणायला लागली. “मामा, शाईची दौत जरा इकडे.” “मामा, तुमचा मुलगा कितवीत आहे?” मला मुलगा नव्हता, बायकोही नव्हती. दौत दिली.

गणिताचा पेपर मी सगळ्यांच्या आधी संपवला. एक उदाहरण अजून पाठ आहे, कारण ते मला माझ्यासाठीच काढल्यासारखं वाटलं: एका घोड्याला दिवसाला साडेतीन शेर हुलगे लागतात, तर सात घोड्यांना किती? बाजूची पोरं कागदभर गुणाकार मांडत होती. मी मनात म्हटलं सात औट साडेचोवीस, आणि लिहून टाकलं. उक्तलेखनाला मात्र घाम फुटला.

निकाल लागला तेव्हा उक्तलेखनात मी काठावर पास होतो आणि गणितात नापास.

हेडमास्तरांना भेटलो. पेपर बघायला मिळत नाही म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, उत्तरं बरोबर होती. मला तोंडपाठ आहे.”

“सगळ्यांनाच तोंडपाठ असतं,” ते म्हणाले. मग माझं तोंड पाहून असेल, त्यांनी कुठलासा कागद काढला. “तपासनिसांनी एवढंच लिहिलंय की या उमेदवाराची उत्तरं भलतीच मोठी आहेत. साधी उदाहरणं हजारांत गेली आहेत. घाई केलीस का?”

हजारांत! सात घोड्यांना हजारो शेर हुलगे मी कसे लिहिले असतील? दवाखान्यापर्यंत चालत येताना मी औटकी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. कुठेही हजार येत नव्हते. मग मला वेगळीच भीती वाटायला लागली. मला जे बरोबर वाटतं तेच चुकीचं असेल, तर मी बाटल्यांत इतकी वर्षं काय भरत आलो? त्या आठवड्यात मी प्रत्येक माप तीनदा मोजलं. चौथ्यांदाही मोजलं असतं, पण साहेब बघत होते.

परीक्षा अजून एकच उरली होती, आणि तिन्ही विषय पुन्हा द्यायचे होते. ती गेली असती तर किल्ली गेली असती. पागेत परत जाणं मला जमलं नसतं. माणूस एकदा खोलीत बसला की त्याला लीद काढायची लाज वाटते, आणि ही लाज काही चांगली गोष्ट नाही हे कळूनही वाटतेच. मग राहिलं गाव, आणि गाव म्हणजे भावाचा भाता.

अक्का या सगळ्याच्या आधीपासून होत्याच. मी लष्कर मोहल्ल्यात ज्या खोलीत राहत होतो ती त्यांच्या घराला लागून होती, आणि दोन्ही दारांपुढे एकच लांब दगडी ओटा होता. त्याला तिथे सगळे जगली म्हणतात. जगलीच्या एका टोकाला अक्कांचं दुकान. दुकान म्हणजे ओल्या गोणपाटाखाली पानांच्या टोपल्या, एक चुन्याचं मडकं, आणि भिंतीला टेकवलेली काळी फळी. त्यांच्या सासऱ्यांचे पूर्वज कधीकाळी घोड्यावर बसून या राज्याच्या चाकरीला आले आणि इथलेच झाले. आता घरातले पुरुष कुणी दरवान होते, कुणी गाडी हाकत होते. घोडा म्हणून उरला होता तो अक्कांच्या बोलण्यात.

त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं. माझी ऐकून त्यांना आलं.

“अय्यो, तुम्ही देशची माणसं बोलता का भांडता रे?” त्या म्हणाल्या होत्या. “पाणी मागतोस ते पण जप्ती आणल्यागत.”

“आणि तुम्ही अक्का, अर्धं वाक्य मराठीत सुरू करता आणि कानडीत जाऊन बसता.”

“मत्ते? मग काय, बसायला कानडीतच जागा आहे इथं.”

मला त्या तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. वयाने मी त्यांच्या मुलासारखा होतो, पण त्या तम्माच म्हणायच्या.

दवाखाना दुपारी दोन तास बंद असे. त्या वेळात मी पाटी घेऊन जगलीवर बसायचो आणि अक्का पानं मोजायच्या. त्यांचं मोजणं बघण्यासारखं होतं. पाच पानं एका बोटउचलीत उचलायची. डाग असलेलं पान त्याच झटक्यात गळून बाजूला पडायचं, आणि त्याच्या जागी दुसरं कधी आलं ते दिसायचं नाही. वीस उचलण्या झाल्या की शंभर पानांचा कट्टा. देठं एका बाजूला करून केळीच्या सोपाने बांधायचा. तोंडाने सगळं मोजणं कानडीत, बोलणं मराठीत, आणि एकाने दुसरं कधी चुकायचं नाही. लग्नघरचा किंवा देवळाचा माणूस कट्टे घेऊन गेला की मडक्यात बोट बुडवून फळीवर रेघ मारायची. एक कट्टा, एक रेघ.

नापास झाल्याचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं.

“कशात गेलं?”

“गणितात. पण उक्तलेखनही काठावरच आहे.”

“उक्तलेखन अंदरे?”

“मास्तर कानडीत बोलतात, ते ऐकून बरोबर लिहायचं.”

“हत्तेरी. ऐकून लिहायचं म्हणजे आधी ऐकायला यायला पाहिजे. तुला ऐकायला येत नाही तम्मा. तू मला रोज दुपारी शिंग मागतोस.”

मला कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. मी पान मागताना म्हणायचो ‘एले कोऽडु’. दे म्हणताना ‘को’ आखूड पाहिजे. लांबवला की त्याचं शिंग होतं. पाच वर्षं मी या बाईकडे पान आणि शिंग मागत होतो, आणि त्या निमूट पान देत होत्या. मराठीत ए एकच आणि ओ एकच, आखूड-लांब असं काही नाही. कानडीत दोन-दोन आहेत आणि अक्षरंही वेगळी. मी ती अक्षरं ओळखत होतो, पण कान ओळखत नव्हता. उक्तलेखनात कुठलं लिहायचं ते मी अंदाजाने ठरवत होतो, आणि अंदाज निम्म्या वेळा बरोबर यायचा, म्हणून काठावर पास.

त्या दिवसापासून पान बरोबर मागितल्याशिवाय मिळेना. शेतातलं पीक आणि वरणाची डाळ, कोवळं पान आणि सात हा आकडा, असे आखूड-लांबाच्या जोडीचे कानडी शब्द त्या पानं मोजता मोजता टाकायच्या आणि मी पाटीवर उतरवायचो. बरोबर लिहिलं की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. मग मी लिहिलेलं मोठ्याने वाचायचो. चुकलं की त्या मान न उचलता म्हणायच्या, “शिंग.” कुठलाही शब्द चुकला तरी शिंगच.

आकडे ऐकून लिहिण्यातही माझी गडबड होत होती. कानडीत दशक आधी आणि एकक नंतर. इप्पत्तैदु म्हणजे वीस-पाच. आपण पंचवीस म्हणतो, पाच आधी, वीस मागून. मी कानडी आकडा ऐकून मनात मराठी करायचो आणि मग लिहायचो. त्या वळणात कधी बावन्नचे पंचवीस होऊन बाहेर पडायचे. अक्का म्हणाल्या, “मराठीत कशाला जातोस? सरळ ये.” मी म्हटलं, मला आकडा मराठीतच दिसतो. एकोणसाठ म्हटल्यावर कसा लख्ख दिसतो.

“एकोणसाठ म्हणजे किती रे? आम्ही ते विसरलो.”

“साठाला एक कमी.”

“साठ नाहीतच, तर साठाचं नाव कशाला घेता? काय लोक आहात!”

असं चाललं होतं. एका दुपारी मी औटकी म्हणत होतो आणि चार औट चौदापाशी आलो, तर मागून अक्कांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. मी थांबलो. त्याही थांबल्या. पानं हातातच राहिली.

“पुढं नाही येत,” त्या म्हणाल्या. “माझी आजी म्हणायची. चारपर्यंतच आम्हाला दिलं, आणि मेली. घरात कुणालाच पुढचं ठाऊक नाही. मला वाटायचं चारच आहे ते, देवाच्या नावासारखं.”

“तीसपर्यंत आहे, अक्का.”

“हौदा? खरंच?” त्यांनी पानं खाली ठेवली. “मग दे की.”

मी पाच औट साडेसतरा दिलं. सहा औट एकवीस द्यायला गेलो तर हात वर करून थांबवलं. एका वेळी एकच. आधीचं मुरल्याशिवाय पुढचं घ्यायच्या नाहीत. दोन-तीन दिवस तेच पानांवर घोळवायच्या, कट्टा बांधताना म्हणायच्या, आणि मग म्हणायच्या, “सरी, बसलं, आता दे.” मी म्हटलं, मी कागदावर लिहून ठेवतो, घरातल्या कुणाकडून वाचून घ्या. त्या म्हणाल्या, “कागदाचं काय करू? आजीने तोंडाने दिलं, तू पण तोंडानेच दे.”

त्यांना सातापर्यंत यायला आठ दिवस लागले. सात औट साडेचोवीस. ते देताना मी सवयीने पाटीवर लिहिलंही: 24॥. पंतोजींनी शिकवलं होतं तसं. पाव म्हणजे पुढे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. आमच्याकडे सगळेच असं लिहितात. दवाखान्यात दाण्याची वही लिहिणारे म्हातारे कारकूनही मराठी होते आणि तेही असंच लिहायचे, म्हणून तिथे कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

अक्कांची नजर पाटीवर गेली. आधीचे आकडे त्यांच्या ओळखीचे नव्हते. शेवटच्या दोन रेघा होत्या.

“दोन कट्टे कुणाला दिलेस?”

“कट्टे नाहीत अक्का. अर्धा आहे तो. साडेचोवीसमधला.”

“दोन रेघा मारतोस आणि अर्धा म्हणतोस?” त्या मोठ्याने हसल्या. “एक रेघ म्हणजे एक. दोन म्हणजे दोन. अर्धा कट्टा कुणी नेला तर आम्ही रेघ आडवी पाडतो. अर्ध्याला आडवी. उभी कशी मारशील? उभी मारली की तो एक झाला की रे!”

मीही हसायला लागलो होतो. मग ‘एक झाला’ हे मला ऐकू आलं.

इंग्रजीतला एक म्हणजे उभी रेघच. मी पाटीकडे पाहिलं. 24 आणि पुढे दोन उभ्या रेघा. दोन, चार, एक, एक. सात घोड्यांना चोवीसशे अकरा शेर हुलगे.

पेपरात अशी किती उदाहरणं होती ते मी आठवून पाहिलं. सव्वासहा म्हणजे 6। ते झाले एकसष्ट. पावणेसहा म्हणजे 5॥। ते पाच हजार एकशे अकरा. तपासनिसांनी भलतीच मोठी लिहिलं ते बरोबर होतं. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. इथले पेठेतले कानडी लोकही आपापल्या वह्यांत रेघांनी पाव-अर्धा लिहितात हे मला पुढे कळलं. पण मी आकडे इंग्रजी लिहिले होते, तेव्हा त्यांच्यामागच्या रेघा त्यांनी इंग्रजीच वाचल्या. मीच अर्धं इंग्रजी आणि अर्धं सातारचं लिहून आलो होतो. अक्कांचं बोलणं मराठीतून निघून कानडीत बसतं म्हणून मी हसलो होतो.

“काय झालं तम्मा? तोंड असं का?”

मी सांगितलं. त्यांना सगळं समजलं असं नाही, पण चोवीसशे अकरा शेर समजले. “अय्यो, घोडी फुटली असती की!” म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. मडक्यातल्या चुन्यात बोट बुडवून त्यांनी माझ्या पाटीवर एक आडवी रेघ ओढली. “ही घे. ही नीट धर.”

इंग्रजी पद्धतीत अर्धा लिहिताना एक वर, दोन खाली, आणि मधे आडवी रेघ. पुस्तकात मी ते पाहिलं होतं. पाहून, हे शाळेतल्या पोरांसाठी असेल, आपल्याला त्याहून जलद येतं, असं म्हणून सोडून दिलं होतं. पुढचे पाच महिने मी फक्त हाताची सवय मोडत होतो. डोकं एका दिवसात समजतं, हात ऐकत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर, दाण्याच्या वहीवर, कुठेही पाव-अर्धा आला की बोटं आपोआप उभी रेघ मारायची. मी मनात म्हणायचो: अर्ध्याला आडवी. दाण्याच्या वहीचे म्हातारे कारकून मला म्हणाले, “आमची रीत बाटवलीस काय रे?” मी म्हटलं, “पास होईपर्यंत.” पण मग ती परत आली नाही. आज मीही आडवीच लिहितो.

इकडे अक्कांची औटकी पुढे सरकत होती. बारा औट बेचाळीस त्यांना फार आवडलं. तेरापाशी पंधरा दिवस अडल्या. त्यांना साडेपंचेचाळीसमध्ये पाच आधी येतात ते खपत नव्हतं. “चाळीस-पाच-अर्धा म्हण ना सरळ.” मी म्हटलं, मग ती औटकी राहणार नाही. बरं बरं म्हणून त्यांनी आमच्याच रीतीने घेतलं.

दुसऱ्या परीक्षेला पोरं नवी होती, मामा मात्र तोच. उक्तलेखनाच्या उताऱ्यात शेतकरी, पीक आणि गाईचं शिंग, तिन्ही आलं. शिंग आलं तेव्हा मी इतका दचकलो की पुढचे दोन शब्द गेले. ते मागून अंदाजाने भरले. आकडे मास्तरांनी कानडीत सांगितले आणि मी ते मराठीत न नेता उतरवले. एकदा ‘ओंबैनूरु’ म्हणजे नऊशे की ‘ऐनूरु’ म्हणजे पाचशे अशी शंका आली, तेव्हा डोळ्यांपुढे अक्कांचे ओठ आणले आणि नऊशे लिहिले. गणिताला मी सगळ्यांच्या शेवटी उठलो. तिसऱ्या उदाहरणात माझ्या हाताने दोन उभ्या रेघा मारल्याच होत्या. शाई ओली होती. मी त्या पुसल्या नाहीत, सबंध उदाहरण खोडून खाली नव्याने लिहिलं, एक वर, दोन खाली, मधली रेघ इतकी दाबून की कागद फाटेल असं वाटलं. देखरेखीचे मास्तर येऊन उभे राहिले. “काय करतोयस?” “रेघ मारतोय, स्वामी.” “एकदा मारली की पुरे.”

फाटकावर नंबर लावले तेव्हा माझा नंबर मी तीनदा वाचला, दोनदा इंग्रजीत आणि एकदा कानडीत. मग कुणी हलवत नाही ना म्हणून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

अक्कांना सांगायला गेलो तेव्हा त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, “झालं?” मी म्हटलं झालं. त्यांनी पान दिलं. मी न मागता. आठवड्याच्या बाजारातून मी एक लुगडं आणलं होतं ते पुढे केलं, तर त्यांनी हातही लावला नाही.

“हे कशाला? माझं देणं वेगळं आहे. एकोणीस झालं का?”

“एकोणीस औट साडेसहासष्ट.”

“ते मुरू दे. मग वीस दे.”

ते मुरायच्या आत माझी बदली झाली. सर्टिफिकेट असलेला माणूस हवा म्हणून मलनाडातल्या एका नव्या जनावरांच्या दवाखान्यात मला आठ दिवसांत जायला सांगितलं. निघायच्या सकाळी मी वीस औट द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, “आज नको. घाईत घेतलेलं राहत नाही. एकोणीसच अजून सरळ बसलं नाही. ये मग.” लुगडं मी त्यांच्या सुनेकडे ठेवून निघालो. सुनेने नंतर कुणाच्या तरी हाती निरोप धाडला की अक्का ते नेसतात, पण माझ्याकडून घेतलं असं म्हणत नाहीत.

हे लिहितोय तो दवाखाना लहान आहे. बैल आणि म्हशी जास्त, घोडा महिन्यात एखादा. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. सर्टिफिकेट पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवलंय, इकडे वाळवी फार, म्हणून मी ते मधूनमधून काढून बघतो. चिठ्ठीवर अर्धा औंस लिहिताना अजून थांबतो, रेघ आडवी पडली का ते पाहतो, आणि मगच बाटली उचलतो.

रजेचा अर्ज दोनदा दिला. दोन्ही वेळा बदली माणूस मिळाला नाही. तिसरा दिलाय. वीस औट सत्तर इथपासून तीस औट पाचोत्रासे, म्हणजे एकशे पाच, इथपर्यंत अक्कांच्या अकरा ओळी माझ्याकडे आहेत. त्या कागदावर पाठवता येत नाहीत आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला पाठवायच्याही नाहीत. रजा मिळाली की म्हैसूरला जाईन, जगलीवर बसेन, पान नीट मागेन, आणि एक-एक करून अकराही ओळी त्यांना देईन. मुरायला जितके दिवस लागतील तितके दिवस राहीन, मग रजा संपली तरी.